डाग सारखा, दुखणे निराळे



डोळे आले की ते घरात सर्वांना कळते. डोळा लाल होतो, पाणी गळते, सकाळी पापण्या चिकटतात. शेजारीण येऊन सांगते, ‘रुमाल वेगळा ठेवा, काळा चष्मा लावा.’ परंतु डोळ्याचे असेही एक दुखणे आहे, ज्यात डोळा बहुधा लाल होत नाही, ठणकत नाही, आरशात पाहिले तर निर्मळ दिसतो. आतून मात्र नजर कमी होत असते. हे दुखणे डोळ्याच्या मागच्या भागाला होणाऱ्या दाहाचे. त्याची एक गोष्ट आमच्या वस्तीत घडली, म्हणून आज हा विषय घेतला.

आमच्या ओळखीतल्या एका घरची सून. वय असेल सव्वीस-सत्तावीस. सुईत दोरा ओवताना तिने सहज एक डोळा मिटला, तर सुईचे भोकच दिसेना. दुसरा डोळा मिटला तर सगळे स्वच्छ. वर्तमानपत्र धरले तर ओळी मध्येच वाकलेल्या, मधली अक्षरे पुसल्यासारखी. ‘नंबर लागला असेल’ म्हणून चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मा झाला, फरक पडला नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले आणि सांगितले, ‘पडद्याच्या मागे सूज आहे, पांढरट-पिवळे डाग आहेत.’ त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यात एक प्रश्न होता, ‘पूर्वी कधी टीबी वगैरे झाला होता का?’

सून क्षणभर गप्प झाली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मग ती म्हणाली, ‘नाही.’

या एका ‘नाही’ची किंमत काय झाली, ते पुढे सांगतो. आधी हे दुखणे समजून घेऊ.

डोळ्याच्या आत काय असते?

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूचे चित्र त्यावर उमटते. या पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, त्याला डॉक्टर कोरॉइड म्हणतात. पडद्याच्या बाहेरच्या भागाचे पोषण याच थरातून होते. पडद्यापुढची पोकळी काचेसारख्या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा हा मागचा भाग नीट पाहता येऊ लागला तो जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्यामुळे. डोळ्यात प्रकाश टाकून आत पाहण्याचे त्यांचे उपकरण १८५१ साली जगापुढे आले. त्याआधी रोगी म्हणे, ‘दिसत नाही,’ आणि डॉक्टरलाही आतले काही दिसत नसे.

आज डॉक्टरला आतले दिसते. पण काय दिसते? डाग दिसतो, सूज दिसते, जेलीत तरंगणाऱ्या पेशी दिसतात. त्या डागावर कारणाचे नाव लिहिलेले नसते. कोठे जंतू आत शिरलेले असतात, कोठे विषाणू. कोठे बाहेरचे कोणीच नसते. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच गफलतीने आपल्या डोळ्यावर उलटलेली असते. कारणे इतकी वेगळी असूनही डाग सारखे दिसू शकतात. औषधे मात्र अगदी उलट असतात. एका दुखण्यात जे औषध नजर वाचवते, तेच दुसऱ्या दुखण्यात एकटे दिले तर नजर घालवते.

तीन डाग, तीन वाटा

आपल्या देशाला सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ.

पहिले दुखणे साधारण तरुणांत दिसते. सर्दी-तापासारखी कुरकुर होते आणि मग बहुधा दोन्ही डोळ्यांत पिवळसर चपटे चकते उमटतात. नजर एकाएकी अंधुक होते. माणूस घाबरतो. पण काही आठवड्यांत हे चकते बहुधा आपोआप निवळतात आणि बहुतेकांची नजर बरीचशी परत येते. अमेरिकेचे डॉक्टर गॅस यांनी १९६८ साली याचे वर्णन केले.

दुसऱ्या दुखण्याचे नाव सर्पिजिनस कोरॉयडायटिस. सर्पिजिनस म्हणजे सापासारखे नागमोडी. हा डाग बहुधा दृष्टीच्या मुख्य नसेजवळ सुरू होतो आणि बोटे फुटल्यासारखा बाहेर सरकत जातो. मागचा भाग वण होऊन विझतो, पुढची कड पेटलेली राहते. बहुधा दोन्ही डोळे सापडतात. पण एक आधी, दुसरा नंतर. समोरची जेली मात्र बरीचशी स्वच्छ असते. यात जंतू सापडत नाही. प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधे, म्हणजे स्टेरॉइड आणि त्या जातीची इतर औषधे, दीर्घकाळ द्यावी लागतात.

तिसरे दुखणे दिसायला हुबेहूब दुसऱ्यासारखे. तीच नागमोडी वाट, तीच पेटलेली कड. पण मुळाशी क्षयाचा जंतू! चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. अमोद गुप्ता, डॉ. विशाली गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असे रुग्ण जगापुढे मांडले. त्यांना क्षयाची औषधे आणि जोडीला स्टेरॉइड दिल्यावर दुखणे आटोक्यात आले. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर नागमोडी डाग पाहिला की आधी विचारतात, हा क्षय तर नव्हे?

मग ओळखायचे कसे? काही खुणा आहेत. क्षयाचा डाग पुष्कळदा एकाऐवजी अनेक ठिकाणी सुटा-सुटा उमटतो आणि मुख्य नसेला चिकटून असतोच असे नाही. जेलीत पेशी अधिक तरंगतात. कधी एकच डोळा सापडतो. रोगी क्षय जास्त असलेल्या देशातला असतो. पण एकट्या खुणेवर निकाल देता येत नाही. दंडाच्या शिरेत पिवळा रंग टोचून पडद्याचे फोटो काढतात. या तिन्ही दुखण्यांत ताजा डाग आधी काळा दिसतो आणि नंतर उजळतो. म्हणजे फोटोतही तिघे भाऊ सारखेच!

२०२१ साली डोळ्यांच्या दाहावर काम करणाऱ्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी अशा पंचवीस दुखण्यांची व्याख्या ठरवून प्रसिद्ध केली. त्यात अनेक ठिकाणी काय असावे याबरोबर काय नसावे हेही लिहिले आहे. सर्पिजिनस म्हणायचे तर आधी क्षय नाही, गरमी म्हणजे सिफिलिस नाही, हे पाहायचे. एवढे मोठे तज्ज्ञसुद्धा नुसत्या डागाकडे बोट दाखवून निकाल देत नाहीत.

मार लागला होता का?

आता दुसरी जोडी पाहा. येथे तर फरक केवळ एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एका दुखण्याला स्वित्झर्लंडचे व्होग्ट आणि जपानचे कोयानागी व हाराडा या तीन डॉक्टरांची नावे आहेत. यात दोन्ही डोळ्यांच्या पडद्याखाली पाणी साचून पडदा उचलला जातो. आधी डोके दुखते, मान आखडते, कानात आवाज येतो. पुढे कित्येकांच्या पापण्यांचे केस पांढरे होतात, अंगावर कोड उमटते. शरीराची प्रतिकारशक्ती रंगद्रव्याच्या पेशींवर उलटते म्हणून हे होते. आशियाई लोकांत हे दुखणे तुलनेने अधिक दिसते.

दुसऱ्या दुखण्यात आत पाहिले तर जवळजवळ हेच दृश्य असते. पण येथे आधी एका डोळ्याला आरपार इजा झालेली असते, किंवा शस्त्रक्रिया झालेली असते. डोळ्याच्या आतले काही घटक शरीराच्या पहारेकऱ्यांना एरवी दिसत नाहीत. जखमेमुळे ते उघडे पडतात, पहारेकरी त्यांना शत्रू समजतात आणि मग न दुखावलेल्या डोळ्यावरही चाल करून जातात. बहुतेकदा हे वर्षभराच्या आत घडते. क्वचित कित्येक वर्षांनीही घडते.

अंधांसाठी ठिपक्यांची लिपी देणारे लुई ब्रेल यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८०९ साली फ्रान्समधील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील खोगीर-लगाम बनवणारे कारागीर. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या आरीशी खेळत होता, ती डोळ्यात घुसली. मार एका डोळ्याला लागला. पण दुसराही गेला आणि मूल पूर्ण आंधळे झाले. हे याच प्रकारचे दुखणे असावे, असे आज अनेक डॉक्टर मानतात.

आपल्याकडे लोखंड घासणारे, वेल्डिंग करणारे, दगड फोडणारे कामगार कमी नाहीत. विटी-दांडूची विटी, दिवाळीचा फटाका, काट्याची फांदी यांनी पोरांचे डोळे दुखावतात. दहा वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याला तार लागली होती, ही गोष्ट उजवा डोळा दाखवताना कोणाला आठवत नाही. डॉक्टरला मात्र तीच हवी असते.

घाईचे दोन शत्रू

आणखी दोन दुखणी सांगतो, कारण त्यांत नुसते स्टेरॉइड देणे फार धोक्याचे आहे.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो मांजराच्या विष्ठेतून किंवा अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने पोटात जातो. गरोदर स्त्रीला त्याची नव्याने लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यापर्यंत पोचू शकतो. त्याची खूण म्हणजे काळपट कडेचा जुना वण आणि त्याला लागूनच ताजा पांढरा डाग. जेली इतकी गढूळ होते की तो डाग धुक्यातल्या मोटारीच्या दिव्यासारखा दिसतो.

दुसरा शत्रू नागिणीच्या कुळातला विषाणू. जपानमध्ये १९७१ साली याचे वर्णन झाले. हा पडद्याच्या कडेकडून पेटतो आणि काही दिवसांत चहूबाजूंनी मध्याकडे सरकतो. विषाणूविरोधी औषध तातडीने दिले नाही तर पडदा विरतो, सुटतो. येथे आठवडाभर थांबणे म्हणजे डोळा गमावणे होऊ शकते.

सिफिलिसचे तर विचारू नका. तो मागच्या भागातल्या जवळजवळ कोणत्याही दुखण्याची नक्कल करतो. म्हणून डॉक्टर त्याची रक्ततपासणी सांगतात. ती सांगितली म्हणून कोणी आपल्या चारित्र्यावर शंका घेतली असे समजून रागावू नये. तपासणीत निघाला तर तो पेनिसिलिनने बरा होतो. न तपासता राहिला तर नजर नेतो.

त्या सुनेचे काय झाले?

सुनेने ‘नाही’ म्हटले. डॉक्टरांनी काही तपासण्या लिहून दिल्या आणि सूज दृष्टीच्या मध्यबिंदूजवळ असल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. दहा दिवसांत बरे वाटले. ओळी सरळ दिसू लागल्या. घरच्यांनी ठरवले, आता तपासण्यांचा खर्च कशाला? छातीचा एक्स-रे तेवढा काढला, तो स्वच्छ निघाला. गोळ्या कमी होत गेल्या तसा डाग पुन्हा पेटला, या वेळी पूर्वीपेक्षा मोठा. आणि दुसऱ्या डोळ्यातही दोन ठिपके उमटले.

तेव्हा घरचे माझ्याकडे आले आणि आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सर्व कागद पाहिले. मग सासूबाईंना आणि मला म्हणाली, ‘तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.’ दार लोटले गेले. पाच-सात मिनिटांनी आम्हाला आत बोलावले तेव्हा सून रडत होती.

चौदाव्या वर्षी तिच्या मानेला गाठी आल्या होत्या. टीबीच्या गाठी. तीन महिने औषध घेतले, गाठी बसल्या, औषध सोडले. आईने बजावले होते, ‘हे कोणापुढे बोलायचं नाही, लग्न व्हायचंय तुझं.’ तिने बारा वर्षे ते पाळले. डोळा जाऊ लागला तरी पाळले.

मग हातावरची मांटू चाचणी झाली, रक्ताची तपासणी झाली, छातीचा सीटी स्कॅन झाला. एक्स-रेत न दिसलेल्या छातीतल्या गाठी स्कॅनमध्ये दिसल्या. सगळ्यांचा मेळ बसला आणि क्षयाची औषधे सुरू झाली.

परत येताना रिक्षात कोणी बोलेना. सून खाली मान घालून बसलेली. घर जवळ आले तशा सासूबाई म्हणाल्या, ‘तुझ्या सासऱ्यांनाही होता टीबी. तुझ्या लग्नाच्या वेळी आम्ही तरी कुठं सांगितलं?’

दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि त्याची भरपाई त्या पोरीच्या डोळ्याने केली. पहिल्या डोळ्याच्या मध्यभागी वण राहिला. त्या डोळ्याने तिला आता बारीक अक्षर वाचता येत नाही. दुसरा डोळा वाचला.

काही गैरसमज

एक्स-रे स्वच्छ म्हणजे क्षय नाही, हा पहिला गैरसमज. डोळ्याच्या क्षयाच्या पुष्कळ रुग्णांची छाती एक्स-रेत स्वच्छ असते. जंतू रक्तावाटे डोळ्यापर्यंत जातो. शिवाय जंतूविरुद्ध उठलेल्या प्रतिकारशक्तीनेही दाह होतो.

मांटू चाचणी फुगली म्हणजे क्षयच, हा दुसरा गैरसमज. आपल्या देशात क्षयाचा जंतू शरीरात झोपलेला असणारे निरोगी लोक पुष्कळ आहेत. म्हणून डॉक्टर डाग, चाचणी, स्कॅन आणि रोग्याची हकिगत असे चारही हिशोब जुळवून निर्णय घेतात. डोळ्यातून तुकडा काढून तपासणे सहसा शक्य नसते.

डोळ्याचा क्षय घरच्यांना लागतो, हा तिसरा गैरसमज. नुसता डोळ्याचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. छातीतही क्षय आहे का, एवढे पाहून घ्यावे. सुनेचे ताट-वाटी वेगळी करू नये.

औषध सुरू झाल्यावर डाग वाढला म्हणजे औषध चुकले, हा चौथा. क्षयाचे जंतू मरू लागले की प्रतिकारशक्ती खवळून सुरुवातीला डाग कधी कधी वाढतो. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइडचे प्रमाण बदलतात. रोग्याने मनाने औषध सोडू नये. डोळ्याच्या क्षयाचा औषधकाळ आपल्याकडे साधारण सहा ते नऊ महिने असतो. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. औषध चालू असताना निक्षय पोषण योजनेतून मदतही मिळते. २०१८ साली ती दरमहा ५०० रुपये होती; नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. नोंदणी मात्र करावी लागते.

एक सावधगिरीची सूचना. क्षयाच्या औषधांतील इथॅम्ब्युटॉल हे औषध काही थोड्या लोकांत दृष्टीच्या नसेला त्रास देते. दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसू लागले, लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. हा डाग वाढल्याचा नव्हे, औषधाचा परिणाम असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्या. कोणत्या डोळ्याला, कोणत्या तारखेपासून, काय दिसेना झाले. पूर्वी टीबी झाला होता का, किती महिने औषध घेतले. घरात कोणाला झाला होता का. डोळ्याला कधी मार लागला किंवा शस्त्रक्रिया झाली होती का. डोकेदुखी, कानात आवाज, तोंडात वारंवार फोड, सांधेदुखी, अंगावर कोड, नागीण यांपैकी काही आहे का. घरात मांजर आहे का. मधुमेह आहे का, कारण स्टेरॉइडने साखर वाढते. पूर्वी कोणी दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि रिकामी पाकिटे सोबत ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका आणि एकदम बंदही करू नका.

घरच्यांसमोर बोलणे अवघड असेल तर डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘मला एकटीला बोलायचे आहे.’ तो तुमचा हक्क आहे.

आणि महिन्यातून एकदा एवढे करा. वर्तमानपत्र समोर धरा, एक डोळा हाताने झाका आणि वाचा. मग दुसरा झाका आणि वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून नेतो. ओळ वाकली, मधले अक्षर पुसले गेले, समोर काळ्या जाळ्या तरंगू लागल्या, तर चष्म्याच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ती सून आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. सासूबाई बरोबर असतात. गेल्या खेपेला तेथे नवे डॉक्टर होते. त्यांनी विचारले, ‘पूर्वी टीबी झाला होता का?’ सून तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, ‘हो. चौदाव्या वर्षी, मानेच्या गाठी. तीन महिने औषध घेऊन सोडलं होतं. लिहून घ्या.’